बाराव्या मजल्यापाशी लिंक का तुटते: प्रकल्प नोंदी

७ नोव्हेंबर

आज ड्रोन वाचला तो निव्वळ नशिबाने.

काम साधं आहे. चौदा मजली इमारतीच्या बाहेरच्या भिंतींचे फोटो काढायचे, भेगा आणि ओल टिपायची. ड्रोन आमच्याच हातचा: कार्बन फायबरची फ्रेम, उड्डाण सांभाळायला आर्डुपायलट हे सॉफ्टवेअर, रिमोटचे हुकूम वर पोचवायला एक्सप्रेसएलआरएस ही २.४ गिगाहर्ट्झची रेडिओ लिंक, चित्र खाली आणायला ५.८ गिगाहर्ट्झ, पोटाशी छोटा संगणक आणि त्याला जोडलेला कॅमेरा. मोकळ्या मैदानावर या ड्रोनने दीड किलोमीटरपर्यंत कुरकुर केली नव्हती.

पूर्वेची भिंत, उंची ३८ मीटर. लिंक क्वालिटी, म्हणजे रिमोटचे शंभरातले किती हुकूम पोचतात तो आकडा, १०० वरून ७०, मग ४१, मग शून्य. दीड सेकंद शून्यच. फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर आपोआप परतायची सोय, लागला आणि ड्रोन घराकडे वळला. त्याचं घर म्हणजे दक्षिणेकडचं पार्किंग, जिथून उडवला ते. मी मात्र ड्रोन नजरेत राहावा म्हणून चालत पूर्वेच्या भिंतीखाली आले होते. ड्रोन आणि पार्किंग यांच्यामधली सरळ रेघ इमारतीच्या कोपऱ्यातून जाते, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही. "ताई, भिंत! ताई, भिंत!" एवढंच धाकट्याच्या तोंडून निघालं. लिंक परत आली, मी मोड बदलला, ड्रोन भिंतीपासून दोन-अडीच मीटरवर थांबला. उतरवला. पुढचा अर्धा तास कुणीच काही बोललं नाही.

या सगळ्यात व्हिडिओ एकदाही अडकला नाही. स्क्रीनवर भिंत छान स्वच्छ दिसत होती.

८ नोव्हेंबर

आधी आमची चूक लिहून ठेवते. परतीची उंची डीफॉल्टच होती, १५ मीटर. ड्रोन त्याहून वर असेल तर तो आणखी चढत नाही, आहे त्याच उंचीवरून सरळ निघतो. म्हणजे ४५ मीटरच्या इमारतीशेजारी ३८ मीटरवर फेलसेफ लागला, तर तो भिंतीत घुसणार हे ठरलेलंच. उंची ६० केली. शिवाय घराची जागा आता अशी निवडायची की पाहणीच्या भिंतीपासून तिथपर्यंत मध्ये काही येणार नाही. सिग्नल का गेला ही नंतरची गोष्ट. गेल्यावर ड्रोन काय करणार हे आधी ठरवायला हवं होतं.

ज्याला सांगावं तो एकच शब्द उच्चारतो: वाय-फाय. शहर आहे, घरोघरी राउटर आहेत, दुसरं काय असणार. एका मित्राने तर सूर्यावरच्या वादळावर खापर फोडलं. त्या दिवसाचा केपी निर्देशांक, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय खळबळीचा आकडा, पाहिला, २ होता. शून्य ते नऊच्या मोजपट्टीवर २ म्हणजे सूर्यमहाराज झोपलेले.

९ नोव्हेंबर

लॉग घेऊन बसलो. तुटायच्या आधी आरएसएसआय, म्हणजे रिसीव्हरला मिळणाऱ्या सिग्नलची ताकद, −८६ डीबीएम (आकडा शून्याच्या जितका खाली, तितका सिग्नल क्षीण). आम्ही २५० हर्ट्झच्या पॅकेट रेटवर होतो, म्हणजे सेकंदाला २५० हुकूम. त्या रेटला रिसीव्हर −१०८ पर्यंत ऐकतो. म्हणजे बावीस डीबी हातात शिल्लक होते (दर दहा डीबीला ताकद दहा पटीने बदलते), तरी लिंक तुटली. एसएनआर, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे तो आकडा, मात्र +७ वरून घसरत −४ वर आला होता. सिग्नल पुरेसा होता, पण त्याच्या आजूबाजूचा गोंगाट त्याच्याही वर चढला होता.

मग धाकट्याने सरळ प्रश्न विचारला, "पण ताई, −८६ तरी का?" मला तो सुचला नव्हता. हिशेब केला. ट्रान्समीटर २५ मिलिवॅटवर होता, म्हणजे १४ डीबीएम. ड्रोन चाळीस मीटरवर. २.४ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेत चाळीस मीटरचा तोटा ७२ डीबी. चौदातून बहात्तर गेले, −५८ उरायला हवे. दिसतात −८६. अठ्ठावीस डीबी कुठेतरी सांडलेत.

आता प्रश्न दोन झाले. सिग्नल अठ्ठावीसने कमी का, आणि गोंगाट इतका जास्त का? वाय-फाय म्हटलं तर फार तर दुसऱ्याचं उत्तर मिळतं. पहिल्याचं नाहीच.

पॉवर वाढवा, असा सल्लाही आला. अठ्ठावीस डीबी म्हणजे सहाशेतीस पट. पंचवीस मिलिवॅटचे जवळजवळ सोळा वॅट करावे लागतील. सल्ला देणाऱ्याला हा आकडा कळवला, उत्तर आलं नाही.

११ नोव्हेंबर

हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने रेडिओ संच चालवणारे, काका आले. निवृत्त आहेत, हात थरथरतात, पण सोल्डरिंग माझ्यापेक्षा स्वच्छ. त्यांना मी तेव्हा कुठे उभी होते ते दाखवलं. ड्रोन जवळपास डोक्यावर, आणि मी रिमोटचा अँटेना नेम धरल्यासारखा थेट त्याच्याकडे रोखलेला.

"अगं, तलवार आहे का ती? भोसकायचंय का ड्रोनला?"

साध्या डायपोल, म्हणजे सरळ दांडीच्या, अँटेनातून ऊर्जा बाजूंनी बाहेर पडते. टोकाच्या दिशेला जवळजवळ काहीच जात नाही. हे पुस्तकात मीही वाचलेलं आहे, परीक्षेत त्याची आकृतीही काढली आहे. पण हातात रिमोट आला की माणूस ड्रोनकडे बोट दाखवल्यासारखा अँटेना दाखवतो, त्याला काय करणार. त्यातून ड्रोनवरचा रिसीव्हरचा अँटेना फ्रेमच्या वरच्या बाजूला, उभा. मी खाली. म्हणजे त्याचंही टोकच माझ्याकडे, आणि मध्ये कार्बन फायबरची प्लेट नि बॅटरी. कार्बन फायबर विजेचा वाहक आहे, रेडिओ लहरींना तो पत्र्यासारखा आडवा येतो.

काका जाताना आणखी एक बोलून गेले, ते तसंच्या तसं लिहिते: "आरएसएसआय म्हणजे आवाज किती मोठा ते. आवाज कुणाचा, हे तो सांगत नाही."

१३ नोव्हेंबर

वाऱ्यामुळे उड्डाण नाही. स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र, घेऊन इमारतीच्या चारी बाजूंनी फिरलो. टायनीएसए अल्ट्रा, छोटंसं यंत्र, खिशात मावतं. खाली २.४ च्या पट्ट्यात काही भयंकर नाही. वाय-फायचे तीन ओळखीचे डोंगर, चॅनल १, ६ आणि ११ चे, म्हणजे २४१२, २४३७ आणि २४६२ मेगाहर्ट्झभोवती. मधल्या दऱ्या बऱ्यापैकी मोकळ्या. एक्सप्रेसएलआरएस या पट्ट्यात ८० ठिकाणी उड्या मारतं. काही उड्या डोंगरावर पडणार, काही दरीत. एवढ्याने दीड सेकंदाचं शून्य होत नाही.

१४ नोव्हेंबर

काल आम्ही चुकीच्या जागी मोजलं. कंट्रोलचा सिग्नल ऐकतो कोण? ड्रोन. तो असतो ३८ मीटरवर. आणि आम्ही मोजतो पार्किंगमध्ये.

तर मग इएसपी३२ या वाय-फायवाल्या चिपचा एक बोर्ड आजूबाजूचे राउटर मोजायला लावला. त्याला स्वतःचा सेल आणि एसडी कार्ड दिलं, दोरीने ड्रोनखाली एक मीटरवर टांगला. कॅमेरा आणि संगणक बंद. दर पाच मीटरला थांबत वर. कार्ड वाचलं तेव्हा जमिनीवर राउटर १४, दहा मीटरवर ३१, ३८ मीटरवर ९७. खालून आम्हाला आजूबाजूच्या भिंती वाचवतात. वर गेलं की चहूबाजूंच्या खिडक्यांना ड्रोन थेट दिसतो, आणि ड्रोनला त्या. काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "गल्लीत उभं राहिलं की शेजारच्यांचं भांडण ऐकू येतं, गच्चीवर गेलं की अख्ख्या वस्तीचं."

व्हिडिओ स्वच्छ राहण्याचं कोडंही इथेच सुटलं. व्हिडिओ ऐकतो तो आमचा खालचा रिसीव्हर, शांत जागी बसलेला, तोही वेगळ्या पट्ट्यात. चित्र नीट दिसतंय म्हणजे सगळं नीट आहे, असं त्या दिवशी मी धरून चालले होते. चित्र खाली येण्याचा रस्ता वेगळा आणि हुकूम वर जाण्याचा वेगळा.

पण आज लिंक क्वालिटी ९१ च्या खाली गेलीच नाही. तीच उंची, तीच भिंत, तेच राउटर. धाकटा खूश, मी नाही. बिघाड आपण न सुधारता आपोआप सुधारला की मला जास्त भीती वाटते.

१५ नोव्हेंबर

आजची कमाई धाकट्याची. मैदानावरच्या त्या दीड किलोमीटरच्या उड्डाणाचा लॉग त्याने ७ तारखेच्या लॉगशेजारी उघडला. हवेत स्थिर राहायला लागणारा थ्रॉटल, म्हणजे मोटरांचा जोर, मैदानावर ३१ टक्के, ७ तारखेला ३६. एकच ड्रोन, एकच बॅटरी.

"ताई, मैदानावर कॅमेरा नव्हताच."

नव्हता. ब्रॅकेट तयार व्हायचं होतं म्हणून आम्ही कॅमेऱ्याशिवायच उडवला होता, आणि नंतर ते विसरून सगळ्यांना 'मैदानावर चालतो' सांगत फिरलो. काल कॅमेरा बंद होता. लिंक तुटली त्या दिवशी चालू.

१६ नोव्हेंबर

पंखे काढले. ड्रोन लाकडी स्टुलावर. टायनीएसएचा छोटा अँटेना रिसीव्हरच्या अँटेनाला चिकटवून धरला. संगणक चालू, कॅमेरा बंद: पट्ट्याचा तळ, म्हणजे गोंगाटाची पातळी, सपाट. मग कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तळ उचलला गेला. एखाद्या चॅनलवर टोक आलं असं नाही. २४०० पासून २४८० पर्यंत सगळाच, चादरीखाली कुणी उठून बसावं तसा. सतरा डीबी वर. रेकॉर्डिंग थांबवलं, चादर खाली. आम्ही दोघांनी हे सात-आठ वेळा केलं, त्यातले शेवटचे चार निव्वळ मजा म्हणून.

कॅमेरा यूएसबी ३ चा आहे. यूएसबी ३ वर सेकंदाला ५ गिगाबिट धावतात, आणि त्या धावपळीचा गोंगाट २.४ च्या पट्ट्यात पसरतो. यात नवीन काही नाही. इंटेलने २०१२ सालीच यावर टिपण काढलं होतं, वायरलेस माउस अडखळतात म्हणून. आमची केबल रिसीव्हरपासून पाच सेंटिमीटरवरून गेली होती. साधी, स्वस्तातली, शील्ड (गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) नावापुरतं.

मग जीपीएसकडेही पाहिलं. खिडकीशी ठेवून, कॅमेरा बंद असताना उपग्रहांची सिग्नल-पातळी ४४ डीबी-हर्ट्झच्या आसपास. चालू केल्यावर ३३. उपग्रह १८ वरून ११. जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि जमिनीवर पोचेपर्यंत −१२८ डीबीएमच्या आसपास उरतो, म्हणजे हवेतल्या गोंगाटाच्याही खाली. त्याच्या शेजारी ही केबल म्हणजे कुजबुजीशेजारी मिक्सर.

काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "चोर घरातलाच."

१९ नोव्हेंबर

तीन दिवस फक्त दुरुस्ती. केबल बदलून चांगल्या शील्डची घातली, तरी तळ ११ डीबी वरच. तांब्याची टेप गुंडाळली, ८ झाला. फेराइटने (केबलवर चढवायचा, गोंगाट गाळणारा मणी) काहीच फरक पडला नाही. या फ्रिक्वेन्सीला तो विशेष पडत नसतोच, पण हाताशी होता म्हणून लावून पाहिला. शेवटी कॅमेराच यूएसबी २ वर चालवला आणि चादर गायब. फ्रेम रेट अर्ध्याहून खाली आला. भिंतीतली भेग काही पळत नाही, आम्हाला चालतंय. ज्यांना पूर्ण वेगात व्हिडिओ हवा त्यांना हे चालणार नाही. त्यांनी संगणक आणि केबल बंद धातूच्या डबीत घालावी आणि रिसीव्हर दूर न्यावा.

रिसीव्हर आम्हीही दूर नेला. दोन अँटेनांचा, डायव्हर्सिटीचा, म्हणजे दोघांतला चांगला सिग्नल निवडणारा, घेतला. एक अँटेना मागच्या भुजेच्या टोकाला खाली लोंबता, दुसरा विरुद्ध भुजेवर आडवा, एकमेकांशी काटकोनात. एकाचं टोक माझ्याकडे आलं तर दुसऱ्याची बाजू येते. जीपीएस १२ सेंटिमीटरच्या दांडीवर चढवला.

पॅकेट रेट २५० वरून ५० हर्ट्झ. रिसीव्हर आता −११५ पर्यंत ऐकेल, सात डीबी फुकटात. शर्यत लावायची असती तर केलं नसतं. भिंतीसमोर मुंगीच्या पावलाने सरकायला सेकंदाला पन्नास हुकूम खूप झाले.

२१ नोव्हेंबर

नवीन त्रास. गच्चीवरून उडवायला गेलो, ड्रोनचा आर्म व्हायलाच, म्हणजे मोटरी सुरू करायलाच, नकार. होकायंत्राची तक्रार. ड्रोन हातात धरून फिरले तर तीन पावलांत दिशा ११ अंशांनी बदलते. खाली स्लॅबमधल्या सळ्या. पृथ्वीचं क्षेत्र मुळात २५ ते ६५ मायक्रोटेस्ला, लोखंडाच्या जाळीपुढे ते काय टिकणार. इथे धाकटा म्हणाला, "कॅलिब्रेट करून टाकू." नाही. सळ्यांवर उभं राहून कॅलिब्रेशन केलं तर तीच चूक खरी मानून ड्रोन उडेल आणि वर गेल्यावर गोल गोल फिरेल. लाकडी टेबल वर नेलं, त्यावरून उडवला. तक्रार गेली.

शेजारच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. ॲनालायझरवर २३०० ते २४०० च्या पट्ट्यात −३० डीबीएमच्या घरात. हा पट्टा अनेक देशांत मोबाइलला दिलेला आहे आणि आमचा पट्टा बरोबर त्याच्या कुंपणाला लागून सुरू होतो. इतका जोरदार शेजारी रिसीव्हरला बधिर करू शकतो, जरी तो आपल्या पट्ट्यात एक पाऊलही टाकत नसला तरी. त्या बाजूला ३० मीटरच्या आत जायचं नाही, एवढं ठरवलं. काम त्या बाजूला नाहीच.

२४ नोव्हेंबर

पुन्हा पूर्वेची भिंत. या वेळी मी भिंतीखाली नाही, साठ मीटर मागे. अँटेना उभा, तलवार म्यानात. अंतर चाळीसवरून सत्तर मीटर झालं, तरी हिशेबाने तोटा वाढतो फक्त पाच डीबी. भिंतीखाली उभं राहून मी याच्या कितीतरी पट घालवत होते. मागे जागा निवडताना एक पाहिलं: रिमोट ते ड्रोन या रेघेपासून दीड मीटरपर्यंत झाड, बाल्कनी, कठडा काही येऊ नये. नुसतं दिसणं पुरत नाही, लहरीला रेघेभोवती थोडी ऐसपैस जागा लागते.

३८ मीटरवर, कॅमेरा चालू: आरएसएसआय −६९, अपेक्षा −६३ ची होती. एसएनआर +८. लिंक क्वालिटी ९९-१००. बाराव्या मजल्यासमोर दहा मिनिटं थांबवून ठेवला. मग मुद्दाम रिमोट बंद केला. ड्रोन जागेवर क्षणभर थबकला, सरळ ६० पर्यंत चढला, इमारतीवरून नाही तर मोकळ्या बाजूने आला, टेबलापासून हातभर अंतरावर उतरला. आता हे दर नव्या जागी, कामाआधी, एकदा.

२६ नोव्हेंबर

पश्चिमेची भिंत, समोर वीस मीटरवर काचेची इमारत. जीपीएस म्हणतो उपग्रह १६, सगळं उत्तम, आणि ड्रोन चार मीटर बाजूला सरकतो. धाकट्याचा उपग्रहांच्या आकड्यावर फार विश्वास, म्हणून त्याला कागदावर काढून दाखवलं. भिंतीशी अर्धं आकाश झाकलेलं. झाकलेल्या बाजूच्या उपग्रहाचा सिग्नल थेट येत नाही, समोरच्या काचेवर आपटून येतो. म्हणजे जायचे वीस नि यायचे वीस, चाळीस मीटरपर्यंत जास्तीचा प्रवास. रिसीव्हरला तो उपग्रह तेवढा लांब वाटतो, पण मोजणीत तो धरलेलाच असतो. असल्या काचांवर उन्हासाठी धातूचा पातळ थर असतो. उजेड आत जातो, रेडिओ लहर परत फिरते.

इथे भिंतीपासून किमान आठ मीटर. जवळ जायचं तर जीपीएसच्या भरवशावर नाही, हाताने उडवायचं आणि अंतर मोजणारा लेझर सेन्सर लावून. सेन्सर मागवलाय.

२९ नोव्हेंबर

पूर्व आणि दक्षिण पूर्ण. एकूण बारा फेऱ्या, फेलसेफ एकही नाही. ईशान्य कोपऱ्यात, नवव्या मजल्यापाशी, ड्रोनचं तोंड नैऋत्येला असताना लिंक क्वालिटी अजूनही ७८ पर्यंत पडते. तोंड फिरवलं की १००. हातभर बाजूला सरकवलं तरी १००. काचेवरून आलेली लहर आणि थेट आलेली लहर तिथे एकमेकींना खात असणार, २.४ ला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, तेव्हा खड्डे असे हातभर अंतरात येऊन जातात. त्या कोपऱ्यात तोंड उत्तरेला ठेवायचं, असं फ्लाइट प्लॅनमध्ये लिहिलं.

जुनी केबल धाकट्याने फेकली नाही. तिच्यावर चिठ्ठी चिकटवून खिळ्याला टांगली आहे: "फक्त लॅपटॉपसाठी."

३ डिसेंबर

सेन्सर आला. ब्रॅकेट पुन्हा नाही.